बारावीला गणित नाही, तरी "एआयसीटीईला चालते" म्हणून इंजिनिअरिंगला घ्यायला तयार आहेत. खरं आहे का?

मानेवाड्याची_ताई

नमस्कार. लहान भावासाठी विचारून राहिले, जरा लवकर सांगा, बाबा सोमवारी पैसे भरायचं म्हणून राहिले.

भाऊ स्टेट बोर्डाचा, बारावी सायन्स पण पीसीबी. गणित अकरावीतच सोडलं कारण डॉक्टरच व्हायचं होतं. दोनदा नीट दिली, नाही झालं. फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६१, बायो ६६. सीईटी दिली ती पण पीसीबी ग्रुपचीच. आता म्हणते कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करतो, मित्र सगळे तिकडेच आहेत ना.

इथे नागपुरात बर्डीवर एक काउन्सेलिंगवाले सर आहेत, कोणीतरी बाबांना त्यांचा नंबर दिला. आम्ही गेलो तर त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला, एआयसीटीईच्या (म्हणजे टेक्निकल शिक्षणाची देशाची परिषद) २०२१-२२ च्या हँडबुकचं पान, पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं, लॅमिनेशन केलेलं (म्हणजे किती जणांना दाखवलं असेल विचार करा). त्यात फिजिक्स, मॅथ्स, केमिस्ट्रीपासून बायोलॉजी, अ‍ॅग्रिकल्चर, बिझनेस स्टडीज, आंत्रप्रेन्युअरशिपपर्यंत चौदा विषय दिले आहेत आणि लिहिलंय की यातल्या कोणत्याही तीन विषयांत मिळून ४५ टक्के असले की झालं, रिझर्व्हला ४०. भावाचे तिन्ही विषय त्या यादीत आहेत, ३०० पैकी १८५ म्हणजे टक्क्यांचा प्रॉब्लेमच नाही. सर म्हणाले मॅनेजमेंट कोट्यातून सीट ब्लॉक करून देतो, आता २५ हजार द्या, गणिताचा ब्रिज कोर्स कॉलेज घेते, टेन्शन नका घेऊ.

पण मी घरी येऊन सीईटी सेलचं (राज्याची ॲडमिशन करणारं ऑफिस) ब्रोशर उघडलं तर त्यात फिजिक्स आणि मॅथ्स कम्पल्सरी लिहिलंय आणि तिसरा विषय केमिस्ट्री किंवा दुसरा काही चालतो. मी सरांना फोन केला तर म्हणाले, "ते राज्याचं आहे मॅडम. एआयसीटीई देशाची आहे. देश मोठा की राज्य?" बाबा त्या वाक्यावर एकदम खूश, तेव्हापासून घरात माझं कोणी ऐकूनच नाही राहिलं.

दोन्ही सरकारीच कागद आहेत, दोन्ही खरे दिसतात. मग चालतो कोणता? आणि दोन का आहेत मुळात?

---

कढी_खिचडी

ताई, २५ हजार देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण लॅमिनेट केलेला नियम दाखवणाऱ्या माणसाला पैसे द्यायचे नाही हा आपला साधा हिशोब आहे बाप्पा.

---

तर्री_कमी_पोहे_जास्त

थोडं दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. काउन्सेलर लुच्चा असेल पण मुद्दा अगदीच हवेतला नाही. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं हे राज्यघटनेत केंद्राच्या यादीत आहे, नोंद ६६. एआयसीटीईचा कायदा १९८७ चा, संसदेनं केलेला. शिक्षण समवर्ती यादीत आहे हे मान्य, ते ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर आलं, पण केंद्र आणि राज्याचं जुळलं नाही तर केंद्राचं चालते. सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा तमिळनाडूचा अधियमान ट्रस्टवाला निकाल वाचा, त्यात तर सरळ म्हटलंय की सीटा उपलब्ध असताना केंद्राचा निकष पूर्ण करणाऱ्या पोराला राज्य आपल्या जास्तीच्या निकषावर नाकारत असेल तर ते घटनाबाह्य आहे. आणि नागपुरात दरवर्षी किती सीटा रिकाम्या राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. मग? ज्या सीटवर बसायला कोणीच नाही तिथे पोट्ट्याला बसू देत नाही हे कोणतं धोरण?

---

सिव्हिललाइन्सचा_उन्हाळा

वरच्या भाऊंनी निकाल बरोबर सांगितला पण अर्धाच. एजंट लोकही नेमकं एवढंच सांगतात म्हणून जरा लांब लिहितो. मी वकिली करतो, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ॲडमिशनच्या रिटा दर जुलै-ऑगस्टला पाहतो, पाहून पाहून कंटाळा आलाय.

अधियमानचं ते वाक्य १९९५ चं. मुळात ती केस पोरांच्या ॲडमिशनची नव्हतीच, राज्य सरकारनं कॉलेजवर केलेल्या कारवाईची होती. त्यानंतर १९९९ ला प्रीती श्रीवास्तवचा निकाल आला, पाच जजांचा, मेडिकल पीजीच्या संदर्भात, आणि तिथे गाडीची दिशाच बदलली. त्यात सांगितलं की केंद्रानं ठरवलेला दर्जा राज्य खाली आणू शकत नाही, पण त्याच्या वर आपली अट घालू शकते. मग २००४ ला तमिळनाडूचीच ब्रतीप केस, ही खास इंजिनिअरिंगची. तिथे राज्याचे मार्क एआयसीटीईपेक्षा जास्त होते, कोर्ट म्हणालं चालते, दर्जा वाढवला तर तो केंद्राच्या विरोधात जात नाही.

आणि रिकाम्या सीटांचं जे तुम्ही बोलले ना, त्याचंही उत्तर येऊन गेलंय. २०११ ची कर्नाटकची केस, विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी विरुद्ध कृष्णेंदू हलदर. पोरगा म्हणत होता मी एआयसीटीईत बसतो, सीटा पडून आहेत, घ्या. कोर्टानं नाही म्हटलं. राज्यानं किंवा विद्यापीठानं निकष वर ठेवला असेल तर पोराला किंवा कॉलेजला एआयसीटीईचा खालचा आकडा दाखवून ॲडमिशन मागता येत नाही, सीटा रिकाम्या राहिल्या तरी नाही.

म्हणून "देश मोठा की राज्य" हा प्रश्नच चुकीचा आहे. एआयसीटीई सांगते यापेक्षा खाली कोणी जायचं नाही. वर कुठपर्यंत जायचं ते राज्य ठरवते. ताईंच्या भावाला महाराष्ट्रात गणित लागते, विषय संपला.

त्या २०२१ च्या पानाबद्दल पण सांगून टाकतो. तेव्हा पेपरात आणि टीव्हीवर केवढा गोंधळ झाला होता, "गणिताशिवाय इंजिनिअर" वगैरे. एआयसीटीईचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे, त्यांनी स्वतः खुलासा केला होता की हे राज्यांवर किंवा विद्यापीठांवर बंधनकारक नाही, ज्यांना दार उघडायचं त्यांच्यासाठी सोय आहे. पुढच्या वर्षी आर्किटेक्चर, फॅशन टेक्नॉलॉजी, पॅकेजिंग टेक्नॉलॉजी असे मोजके कोर्स सांगितले की इथे पीसीएमची सक्ती नाही. कॉम्प्युटर त्यात नाही. तुमच्या सरांनी हा भाग लॅमिनेट केला नसेल.

---

तर्री_कमी_पोहे_जास्त

हलदरची केस मला माहीत नव्हती, वाचतो. कायद्याचं मान्य. पण माझा राग तिथेच आहे भाऊ, ब्रिज कोर्सची सोय कागदावर ठेवायची, पेपरात छापून आणायची, आणि मग म्हणायचं हे कोणावर बंधनकारक नाही. गरीब माणूस पेपर वाचतो, ब्रोशर नाही वाचत.

---

सिव्हिललाइन्सचा_उन्हाळा

यावर आपलं भांडण नाही.

---

एकशे_एकोणपन्नास

माझं नाव पाहिलं ना, ते माझे पीसीएमचे मार्क आहेत. ३०० पैकी. फिजिक्स ४७, केमिस्ट्री ५४, मॅथ्स ४८. टक्के ४९.६७.

२०१४ ची गोष्ट. तेव्हा एआयसीटीईचं ओपनला ४५ च होतं पण महाराष्ट्राचं ५० होतं, रिझर्व्हला ४५. मी ओपन. म्हणजे देशाच्या हिशोबानं मी १४ मार्क वर होतो आणि राज्याच्या हिशोबानं एक मार्क खाली. कॉलेजचं नाव घेत नाही, शहराबाहेरचं होतं. तिथल्या ऑफिसमधल्या माणसानं कॅल्क्युलेटरवर ४९.६७ आणून दाखवलं आणि म्हणाला पन्नासच झाले ना हे, राउंड केले की पन्नास, आणि तसंही एआयसीटीई ४५ म्हणते, इन्स्टिट्यूट लेव्हलला चालते. आई-वडिलांना पटलं. मलाही पटलं, खोटं काहून बोलू, मला पटवूनच घ्यायचं होतं.

पहिलं सेमिस्टर झालं. हॉलतिकीट आलं होतं, परीक्षा दिली. मग सगळ्यांचे एनरोलमेंट नंबर आले, आमच्या सेक्शनमधल्या चार जणांचे आले नाहीत. ऑफिसात विचारलं तर "येऊन राहिले, युनिव्हर्सिटीकडे आहे". दुसरं सेमिस्टर पण अर्धं गेलं. शेवटी एका बाईंनी, त्या बिचाऱ्या चांगल्या होत्या, मला आत बोलावून यादी दाखवली. तेव्हा प्रवेश नियंत्रण समिती होती, आता ज्याला एआरए म्हणजे प्रवेश नियामक प्राधिकरण म्हणतात ते तेव्हा नव्हतं. माझ्या नावासमोर पेननं नाही, टाइप केलेलं होतं, नॉट इलिजिबल. ४९.६७ ला गोल टिक केलेली. म्हणजे कोणीतरी बसून तो आकडा पाहिला होता. मला तेव्हा काय वाटलं माहीत आहे? कॉलेजचा राग नाही आला. बारावीची गुणपडताळणी केली नाही याचा आला. फॉर्म भरायचा आळस केला होता, एका मार्काचा तर प्रश्न होता.

फी परत मागायला किती चकरा मारल्या ते सोडा, अर्धी मिळाली. पुढे पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयर, मग तिथून डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. झालो इंजिनिअर, आज साइटवर आहे. बरोबरचे लोक माझ्याहून दोन वर्ष सिनिअर आहेत आणि त्यातल्या एकाला मी सर म्हणतो, तो माझ्या बाजूच्या बेंचवर बसायचा.

सगळ्यात भारी पुढेच आहे. कोरोनाच्या वर्षी, २०२० ला, राज्यानं पण ५० चं ४५ केलं, रिझर्व्हला ४०. तेव्हा मी बातमी वाचून एकटाच हसलो, बायको म्हणाली काय झालं.

ताई, तुमच्या केसमध्ये तर एक मार्क नाही, अख्खा विषय नाही. ॲडमिशन कॉलेज देते, पण ती मंजूर कॉलेज नाही करत. यादी एआरएकडे जाते, मग विद्यापीठाकडे. एजंट तिथपर्यंत तुमच्यासोबत येणार नाही.

---

मानेवाड्याची_ताई

दादा, तुमचं वाचून बाबांना मोबाईल हातात दिला. पूर्ण वाचलं त्यांनी, चष्मा लावून. काही बोलले नाही, पण २५ हजाराचं पाकीट परत कपाटात गेलं.

आता सर दुसरंच सांगून राहिले, म्हणतात महाराष्ट्र सोडा, बाहेरच्या राज्यात करून देतो, नाहीतर प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत, तिथे सीईटी सेलचं काही चालत नाही. आणि अजून एक, बी.एस्सी. करून मग डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग मिळते असंही सांगितलं. हे तरी खरं का?

---

प्रवेश_खिडकी_क्र_३

मी बरीच वर्ष एफसीवर कागद तपासले आहेत, फॅसिलिटेशन सेंटरवर, तेव्हा पोरं ओरिजिनल मार्कशीट प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढतात तेव्हाच कळते कोणाचं काय होणार. तुकड्या-तुकड्यात लिहितो.

बी.एस्सी.चं अर्धं खरं आहे. डिग्रीच्या सेकंड इयरला बी.एस्सी.वाले चालतात, ४५ टक्के लागतात, पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की बारावीला गणित असलं पाहिजे. हे एआयसीटीईचंच आहे, राज्याचं नाही. म्हणजे तुमचा भाऊ तीन वर्ष बी.एस्सी. करून परत त्याच दारात उभा राहील. ही ओळ एजंट वाचत नाही.

प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं, वकील साहेब चूक असेल तर दुरुस्त करा, त्यांची ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून, होत नाही हे खरं. पण "काही चालत नाही" म्हणजे काहीही चालते असं नाही. त्यांचं स्वतःचं ऑर्डिनन्स, म्हणजे विद्यापीठाचे लेखी नियम, असते, ते मागा. ब्रोशर नाही, ऑर्डिनन्स. कॉम्प्युटरला बारावीत गणित नसलेला पोरगा घेतो असं त्यात लेखी असेल तर दाखवा म्हणा. आणि तोंडी सांगितलेलं पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात कामाला येत नाही. मॅथ्स वन मध्ये बारावीचं इंटिग्रेशन येते असं धरूनच सर फळ्यावर सुरू करतात. मी स्वतः पाहिलंय, बारावीला गणितात ४० वाले पोरं पण तिथे चार-चार अटेम्प्ट खातात, ज्यानं दोन वर्ष गणिताचं पुस्तकच उघडलं नाही त्याचं काय.

आता काय करता येईल ते. बोर्डाला तुरळक विषय म्हणून एकटं गणित देता येते, त्याचा फॉर्म वेगळा भरतात. ते देऊन पुढच्या वर्षी सीईटीचा पीसीएम ग्रुप. त्यात १०० मार्काचं एकटं गणितच असते, ५० प्रश्न दोन-दोन मार्काचे, बाकी फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १००. फिजिक्स-केमिस्ट्री नीटमुळे त्याचं झालेलंच आहे. म्हणजे वर्षभर एकच विषय घासायचा. फॉर्म भरायच्या आधी दोन्ही मार्कशीट घेऊन सदरला तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसात विचारून या. दुसरं, थांबायचंच नसेल तर बी. फार्म. तिथे पीसीबीची सीईटी चालते, त्याच्याकडे ती आहेच, या वर्षीच्या राउंडला बसू शकतो.

थांबणं वाईट नाही. कागद तपासणाऱ्याला गॅप सर्टिफिकेटनं काही फरक पडत नाही, विषय नसण्यानं पडतो.

---

सिव्हिललाइन्सचा_उन्हाळा

प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं बरोबर आहे. थोडी भर घालतो. २००१ ला भारतीदासन युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की विद्यापीठाला टेक्निकल कोर्स सुरू करायला एआयसीटीईची आधी परवानगी घ्यायची गरज नाही, संलग्न कॉलेजला लागते. एजंट हे फिरवून सांगतात की तिथे नियमच नाही. कोर्टानं दर्जा पाळायची सूट कोणालाच दिली नव्हती.

---

बालाघाट_टू_बर्डी

विषय निघालाच आहे तर अजून एक खड्डा सांगतो, आमच्याकडच्या लोकांचा. आम्ही मूळचे बालाघाटचे, जातीचा दाखला मध्यप्रदेशचा, ओबीसी. एआयसीटीईच्या कागदात सरळ लिहिलंय रिझर्व्हला ४०. मी म्हटलं आपण ४२ वाले, बसतो. इथे आल्यावर कळलं महाराष्ट्राच्या नियमात ४० ची सवलत फक्त महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना आहे. माझा दाखला इथे ओपन. ४५ लागते. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटची किती तरी पोरं नागपूरला येतात, दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकते.

---

कढी_खिचडी

आणि व्हीएनआयटीवाल्यांचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या एनआयटीचं, पंच्याहत्तर टक्क्यांचं राहिलंच. माझा भाचा जेईई मेनमध्ये बऱ्या पर्सेंटाइलनं आला, घरी पेढे वाटले, नंतर लक्षात आलं बारावीला ७१ टक्के आहेत. एनआयटीला ७५ टक्के नाहीतर आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये लागते, आणि ते पाच विषयांवर धरतात, पीसीएमवर नाही. एकाच शहरात एका गेटवर ४५ आणि दुसऱ्या गेटवर ७५. पेढे मात्र परत घेता येत नाहीत.

---

मानेवाड्याची_ताई

अपडेट देते. काल भाऊ आणि मी सदरला जाऊन आलो. खिडकीवरच्या मॅडमनी मार्कशीट पाहिली, अर्धा मिनिट पण लागला नाही, "मॅथ्स नाही, बी.ई.ला नाही", आणि तुरळक विषयाचं बोर्डात विचारा म्हणाल्या. भाऊ येताना गाडीवर गप्प होता. मेडिकल चौकात सिग्नलला म्हणाला, फार्मसी नाही करत, गणित देतो. बाबा फार्मसीचंच म्हणून राहिले अजून. ते घरात सुरू आहे.

एक शेवटचं. पहिल्या दिवशी सरांना रजिस्ट्रेशनचे म्हणून दोन हजार दिले होते. आता फोन केला तर म्हणतात ते नॉन रिफंडेबल आहे. मिळतील का?

---

एकशे_एकोणपन्नास

पावती आहे का? तिच्यावर कोणाचं नाव आहे पहा. कॉलेजचं की त्या सरांचं.

---

मानेवाड्याची_ताई

पावती काढली. कॉलेजचं नाव नाही, सरांचं पण नाही. नुसता निळा शिक्का आहे, "काउन्सेलिंग चार्जेस", आणि सही वाचता येत नाही.